टाकळघाटची शिलावर्तुळे आणि स्टीफन हिस्लॉप

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली वाहने बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपाशी क्षणभर मंदावतात आणि पुन्हा वेग घेतात. कारखान्यांच्या या पट्ट्यापासून काही मैलांवर टाकळघाट आहे. गावाच्या शिवारात काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या एका प्राचीन समाजाने आपल्या मृतांसाठी रचलेली ही दफनभूमी. ४ सप्टेंबर १८६३ रोजी स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश पाद्री ही वर्तुळे पाहण्यासाठी येथे आला होता. रात्री बोरीच्या छावणीकडे परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला.

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव महाविद्यालयामुळे ठाऊक आहे. कित्येक पिढ्या त्या दारातून शिकून बाहेर पडल्या. मात्र हे नाव कोणाचे, असे विचारल्यास एखादा प्राचार्य असावा, असेच उत्तर बहुधा मिळेल. हिस्लॉप यांच्या कामाचा अर्धा भाग तर नागपूर शहरात झालाच नाही. तो झाला वरोऱ्याच्या रानात, चांद्याच्या जंगलात आणि परधानांच्या पथारीवर.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. वडील गवंडीकाम करणारे आणि चर्चच्या कारभारातले जबाबदार गृहस्थ. घरात दगड आणि धर्म ही दोन्ही बोलणी लहानपणापासून कानी पडत असणार, असे म्हणायला हरकत नाही. वडीलभाऊ रॉबर्ट हे शिक्षक आणि निसर्गाचे अभ्यासक. कीटक, वनस्पती यांचा नाद धाकट्याला त्यांच्याकडूनच लागला. दुसरे बंधू अलेक्झांडर पुढे धर्मशास्त्रावरील वादग्रस्त ग्रंथाचे लेखक म्हणून गाजले. स्टीफन यांचे शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगो येथे झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडली आणि सरकारी आश्रय सोडून शेकडो धर्मोपदेशकांनी फ्री चर्चची स्थापना केली. तरुण हिस्लॉप या नव्या चर्चमध्ये गेले. पुढच्याच वर्षी नवपरिणीत पत्नी इराझ्मासह ते हिंदुस्थानकडे निघाले आणि डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईला उतरले.

नागपूरलाच त्यांना का पाठविण्यात आले, यामागे एका विधुराचे दुःख आहे. कामठीच्या छावणीत मद्रास सैन्यातील विल्यम हिल नावाचा अधिकारी होता. पत्नीच्या निधनानंतर त्याने तिच्या स्मरणार्थ नागपूर राज्यात मिशन सुरू व्हावे म्हणून मोठी देणगी देऊ केली. फ्री चर्चने ती स्वीकारली. म्हणजे मध्य भारतातील या मिशनचा पाया एका मृत्यूच्या आठवणीवर घातला गेला.

मृत्यूची ही सावली एवढ्यावरच थांबत नाही. हिस्लॉप यांच्या आधी काही वर्षे जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी नर्मदेच्या उगमाकडे, करंजिया येथे गोंडांमध्ये वस्ती करण्यासाठी गेली होती. ती माणसे मुख्यतः कारागीर आणि शेतकरी होती. हाताने घर बांधायचे, जमीन कसायची आणि शेजारधर्मातून उपदेश करायचा, असा त्यांचा बेत. पटकीची साथ आली आणि त्यांतील बहुतेक जण दगावले. त्यांना तिथेच मातीत ठेवून उरलेले कामठीला आले आणि पुढे हिस्लॉप यांचे सहकारी झाले. याच करंजियात १९३२ मध्ये व्हेरियर एल्विन हा इंग्रज गोंडांमध्ये राहायला गेला, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

फेब्रुवारी १८४५ मध्ये हिस्लॉप नागपुरात पोहोचले तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. सीताबर्डीवर इंग्रज रेसिडेंट आणि दहा मैलांवर कामठीची छावणी, अशी सत्तेची मांडणी होती. कामठीतले शिपाई मद्रास इलाख्याचे असल्याने तेथे तमिळ आणि तेलुगू बोलली जाई. त्यामुळे मिशनची पहिली मंडळी जमली ती मराठी मुलखात असूनही बरीचशी दाक्षिणात्य. हिस्लॉप यांनी मराठीवर लवकरच पकड मिळविली. मे १८४६ मध्ये नागपूर शहरात त्यांची शाळा सुरू झाली. इंग्रजी शिकण्याची ओढ ब्राह्मणांच्या आणि इतर उच्चवर्णीयांच्या मुलांना होतीच. शाळा भरू लागली. मात्र एका ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेण्याची इच्छा दाखविताच शहरात खळबळ उडाली; प्रकरण दरबारापर्यंत गेले आणि कित्येक पालकांनी मुले काढून घेतली. असे प्रसंग पुढेही आले. शाळा हवी पण पाद्री नको, अशी ती ओढाताण होती, आणि खरे सांगायचे तर तीत शहराचेही काही फारसे चुकत नव्हते. हिस्लॉप शिकवीत होते ते मुलांनी धर्म बदलावा या हेतूनेच. तो हेतू त्यांनी कधी लपविला नाही.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाचे वेड. १८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेकडील टाकळीच्या टेकडीकडे फिरताना त्यांना काळ्या खडकाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शिंपले सापडले. ही गोष्ट वाटते तेवढी लहान नव्हती. दख्खनचा काळा खडक हा लाव्हारसापासून बनला, हे तेव्हा माहीत होते. त्या आगीच्या थरांमध्ये गोगलगाय कशी? याचा अर्थ एका उद्रेकानंतर लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडे उगवली, कीटक आले, आणि मग पुन्हा लाव्हा येऊन सारे गाडले गेले. टाकळीच्या त्या थरांतून फळे, बिया, पाने, कीटकांचे पंख असा मोठा संग्रह निघाला. लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूरचनेवरील निबंध प्रसिद्ध झाला. हंटर प्रकृतीमुळे त्याच सुमारास मायदेशी परतले आणि पुढे कोशकार म्हणून नावारूपाला आले. टाकळीत सापडलेल्या एका हिरवट खनिजाला हिस्लोपाईट, तर नागपूरच्या तळ्यातील एका सूक्ष्म जलचराला हिस्लोपिया असे नाव मिळाले.

पावसाळा सरला की मिशनरी दौऱ्यावर निघत. बैलगाडीवर तंबू, पुस्तके, औषधे आणि हिस्लॉप यांच्या बाबतीत एक हातोडाही. या दौऱ्यांनीच त्यांना चांद्याच्या मुलखाशी जोडले. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर वरोऱ्याच्या बाजूला मांगली हे गाव आहे. तेथील वालुकाश्मात त्यांना एक चपटी, रुंद कवटी मिळाली. ती लंडनला गेली. रिचर्ड ओवेन या ख्यातनाम शरीरशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये तिचे ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स असे नामकरण केले. बेडकाच्या दूरच्या भाऊबंदांपैकी, पाण्यात आणि जमिनीवर वावरणारा हा प्राणी डायनोसॉरच्याही आधीच्या काळातला. वरोरा तालुक्यातीलच पिसदुरा येथे कासवांचे आणि मोठ्या प्राण्यांचे अवशेष शेतात विखुरलेले त्यांनी पाहिले आणि १८६० च्या निबंधात त्या जागेची नोंद केली. पिसदुऱ्याचे शेतकरी नांगरताना आजही असे दगड बाजूला टाकतात. त्या दगडांमध्ये डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्मही आहेत. २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्यांत गवताच्या पेशींतील सूक्ष्म कण शोधून काढले. गवत हे डायनोसॉरनंतर उगवले, ही जगभरची समजूत चांद्याच्या एका गावाने मोडून काढली.

प्राणहितेच्या काठचा सिरोंचाकडील प्रदेशही त्यांच्या अभ्यासात होता. कोटा आणि मलेरी येथील जीवाश्मांवर त्यांनी बराच विचार केला. मलेरीला मिळालेल्या माशांच्या विचित्र दातांना १८५९ मध्ये सेरॅटोडस हिस्लोपियानस हे नाव देण्यात आले. या जातीचा मासा फार पूर्वी नामशेष झाला, असे तेव्हा सारेच मानीत. १८७० मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचा जिवंत नातलग सापडला. ते पाहायला हिस्लॉप नव्हते.

या साऱ्या खटाटोपाचा एक रोकडा उपयोगही होता. कामठीजवळच्या सिलेवाडा परिसरातील वालुकाश्मात त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. अशीच पाने बंगालच्या कोळशाच्या थरांत मिळतात. तेव्हा नागपूर-चांद्याचे हे खडक आणि बंगालच्या कोळशाचे खडक एकाच काळातील असावेत, असे त्यांनी आग्रहाने मांडले. त्या काळाचे त्यांचे गणित पुढे चुकीचे ठरले, परंतु नाते बरोबर निघाले. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या आजच्या खाणी त्याच खडकांच्या कुळातल्या. या खडकांना पुढे भूशास्त्रज्ञांनी नाव दिले तेही गोंडांच्या भूमीवरून, गोंडवाना.

गोंड हा हिस्लॉप यांच्या कुतूहलाचा दुसरा विषय, आणि कदाचित अधिक जिव्हाळ्याचा. दौऱ्यात भेटणाऱ्या प्रत्येक जमातीकडून ते शब्द टिपून घेत. पाणी, आग, आई, डोळा, एक, दोन. गोंडी, कोलामी, माडिया, नायकी अशा बोलींचे शब्द त्यांनी एकमेकांशेजारी मांडले आणि त्यांचे तमिळ-तेलुगूशी असलेले नाते पडताळून पाहिले. कामठीतील दाक्षिणात्य मंडळींच्या सहवासाचा येथे निश्चितच उपयोग झाला असावा. चांद्याकडील नायकी ही बोली आज जवळजवळ लोपली आहे; तिच्या जुन्या नोंदी मोजक्याच आहेत आणि त्यांत या पाद्र्याची यादी आहे.

गोंडांचे भाट म्हणजे परधान. देवांच्या आणि कुळांच्या कथा त्यांनीच सांगायच्या, असा रिवाज. एका परधानाकडून हिस्लॉप यांनी लिंगोची संपूर्ण गाथा ऐकून लिहून घेतली. गोंडांची उत्पत्ती, गुहेत कोंडले जाणे, लिंगोने त्यांची केलेली सुटका, देवांची आणि कुळांची विभागणी, असा तिचा विस्तार आहे. ती मूळ गोंडीत लिहिली गेली, हे महत्त्वाचे. ज्या कथेवरचा लोकांचा विश्वास उठावा म्हणून आपण आलो, ती कथा शब्दाचाही फेरफार न करता उतरवून घेण्याची या माणसाची तळमळ समजून घेणे सोपे नाही. या दोन गोष्टी त्यांच्या मनात शेजारी कशा नांदत होत्या, हे त्यांच्या टिपणांवरून कळत नाही. टिपणे मात्र नेटकी आहेत.

ज्या वर्षांत हे शब्द गोळा होत होते, ती चांद्यातील गोंडांसाठी फार कठीण होती. १८५३ च्या डिसेंबरात रघुजी वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. चांदाही इंग्रजांकडे गेला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी बंड केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. हिस्लॉप राज्यकर्त्यांच्याच बाजूचे होते, याविषयी शंका नको. पण खालसा झाल्यानंतरच्या ढिसाळ कारभारावर त्यांनी वृत्तपत्रातून टीका केली आणि ती झोंबलीही. १८६१ मध्ये मध्य प्रांत हा स्वतंत्र प्रांत निर्माण झाला आणि लवकरच रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त म्हणून नागपुरात आले. या उत्साही प्रशासकाशी हिस्लॉप यांचे चांगले जमले. त्यांच्या माहितीचा साठा टेंपलना हवा होता.

सप्टेंबर १८६३ च्या सुरुवातीला टेंपल यांचा तळ बोरीला पडला होता. जवळच टाकळघाटला जुन्या दगडी वर्तुळांचे मोठे क्षेत्र आहे, हे कळल्यावर त्यांनी हिस्लॉपना बोलावून घेतले. ४ तारखेला मंडळी तेथे गेली, वर्तुळे पाहिली, काही उकरलीही. मातीच्या भांड्यांचे तुकडे, लोखंडाच्या वस्तू, असे त्या ठिकाणी सापडत असे. कोण होते हे लोक? त्या काळी युरोपीय अभ्यासक मध्य आशियातून आलेल्या शकांचा तर्क करीत. दुपारनंतर टेंपल आणि इतर मंडळी बोरीकडे परतली. हिस्लॉप मागे राहिले. टाकळघाटला शाळा होती आणि मुलांची परीक्षा घ्यायची होती. शिक्षकाचा पिंड तो. जवळ आलो आहोत तर वर्ग पाहूनच जाऊ, एवढाच विचार असावा.

परीक्षा आटोपून ते घोड्यावर एकटेच निघाले तेव्हा अंधारून आले होते. भाद्रपदाच्या तोंडाशी विदर्भातले नाले कसे असतात, हे येथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा संध्याकाळी माणूस गिळतो. वरच्या अंगाला पाऊस पडला की खालच्याला पत्ताही लागत नाही. सकाळची वाट तीच असेल, या भरवशावर हिस्लॉप यांनी घोडा पाण्यात घातला. रात्री छावणीत घोडा आला, स्वार नव्हता. मशाली घेऊन माणसे धावली. नाल्याच्या पाण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

मृतदेह नागपूरला आणून दफन करण्यात आला. मागे पत्नी आणि मुले होती. मिशनच्या हिशेबात पाहिले तर अठरा-एकोणीस वर्षांच्या श्रमाचे फळ थोडेच दिसत होते: बाप्तिस्मा घेतलेली लहानशी मंडळी, कामठी आणि नागपूर येथील शाळा, एवढेच. ज्यांच्यासाठी जर्मन मिशनरी करंजियात मेले आणि ज्यांची भाषा हिस्लॉप यांनी टिपली, त्या गोंडांपैकी चर्चमध्ये जवळजवळ कोणीच आले नव्हते. पुढे स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल चर्चने चांद्याला मिशन काढले, तरी जंगलातील गोंड आपल्या देवांपाशीच राहिले.

त्यांच्या घरात कागदांचे गठ्ठे निघाले. शब्दांच्या याद्या, जमातींची वर्णने, लिंगोची गाथा. टेंपल यांनी ते सारे संपादित करून १८६६ मध्ये नागपुरात छापविले. छापताना त्यांनी आपल्या टिपा जोडल्या. गाथेतील हिंदू प्रभावाचीही चर्चा केली. संपादन घाईचे वाटते, परंतु हे काम त्यांनी केले नसते तर ते गठ्ठे वाळवीनेच वाचले असते. जेम्स फोर्साइथ या वनाधिकाऱ्याने ही गाथा इंग्रजी पद्यात बांधून १८७१ च्या आपल्या पुस्तकात घातली आणि ती दूरवर पोहोचली. गंमत अशी, की परधानांच्या मुखात ती परंपरा त्याआधीही होती आणि नंतरही राहिली. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेला लिंगोच्या कथेतील स्थान मानून माघ पौर्णिमेला आज लाखोंच्या संख्येने गोंड जमतात.

शाळेचे १८८३ मध्ये महाविद्यालय झाले आणि त्याला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. नागपुरातील ते पहिले. आज ते ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव टेंपल रोड, म्हणजे बोरीच्या त्या छावणीतील दोघेही एका पत्त्यात एकत्र आले आहेत. हिस्लॉप यांची प्रेस्बिटेरियन मंडळीही एकटी राहिली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट आदी परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च अर्थात सीएनआय स्थापन झाले. स्कॉटलंडमधील ज्या फुटीतून हिस्लॉप यांचे चर्च जन्मले, तिला तोवर सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.

टाकळघाटच्या वर्तुळांचे कोडे त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी काही अंशी सुटले. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने प्रा. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि शेजारच्या खापा येथे उत्खनन केले. टाकळघाटला वस्तीचे, तर खाप्याला वर्तुळांतील दफनांचे अवशेष मिळाले. ही माणसे इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकात येथे राहत, लोखंड वापरीत आणि मृतासोबत त्याची हत्यारे, भांडी ठेवीत. माहूरझरी, नायकुंड आणि इतर ठिकाणच्या पुढील उत्खननांनी हे चित्र भरत गेले. शकांचा तर्क मागे पडला. मृतांसाठी दगड उभारण्याची रीत तर पूर्ण संपलेलीही नाही. भामरागडच्या माडिया गावांत वाटेच्या कडेला असे दगड उभे असतात आणि नव्याने उभारले जातात. हिस्लॉप यांच्या यादीत माडियांचे शब्द आहेत. वर्तुळांशी त्या लोकांचा काही संबंध असेल का, हा विचार त्यांच्या मनात आला होता की नाही, कोण जाणे.

विदर्भातील या वर्तुळांत अनेक ठिकाणी माणसाच्या हाडांजवळ घोड्याचीही हाडे मिळाली आहेत. तोंडात लोखंडी लगाम, कपाळावर तांब्याचा पत्रा. धनी गेला की त्याचा घोडाही त्याच्यासोबत पुरला जाई. हिस्लॉप यांचा घोडा त्या रात्री नाला पोहून एकटाच बोरीला आला होता.